जर्मनचा पैसा, रोमनचा पैसा

आश्विन शुद्ध नवमी, म्हणजे खंडेनवमी, १९६७. स्थळ: चिंचवडची आमची फाउंड्री. हजर: मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणत; फोरमन सामंत; भट्टीवाले नाथाभाऊ आणि त्यांच्या हाताखालची माणसं; साचे भरणारी सगळी मंडळी; चाकणचे मोडवाले रसूलभाई, पेढ्यांचा पुडा घेऊन; आणि मी, लॅबमधली कुमुद, त्या आवारातली एकुलती एक बाई. गैरहजर: एक नाणं. सकाळी ते हजर होतं.

हजेरी मांडल्याशिवाय मला काही सांगता येत नाही, ही सवय कामातून आली. आधी कामच सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्याकडे गनमेटलचे बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या जाड नळ्या, आणि व्हॉल्व्हचे भाग ओतत. गनमेटल म्हणजे तांबं, त्यात थोडं कथील आणि थोडं जस्त. भट्टीतून एकदा जेवढा धातू निघतो त्याला हीट म्हणायचं. प्रत्येक हीटचा नमुना माझ्या टेबलावर यायचा. मी त्याचा कीस आम्लात विरघळवून कशात काय किती आहे ते काढायचे आणि कागदावर पास किंवा नापास लिहून सही करायचे. नापास लिहिलं की सामंत चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "कुमुदबाई, तुमच्या घरी आमटी कधी पास होते का हो?" मी म्हणायचे, "मीठ बरोबर असेल तर होते."

सगळा धातू नवा घेणं कुणालाच परवडत नाही. म्हणून मोड लागते: फुटक्या घंटा, नळ, स्टोव्हचे बर्नर, समयांचे तुकडे. ती रसूलभाई आणायचे. चाकणला त्यांचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी कांद्याच्या गाड्या उतरल्या की परतीच्या ट्रकमधून ते गोण्या आमच्याकडे पाठवायचे. माल कुठकुठून यायचा. त्यातल्या काही गोण्या पार मद्रासकडून पुण्यात आलेल्या असत.

त्या वर्षी पावसाळ्यात लागोपाठ तीन हीट शिशामुळे नापास झाल्या. आमच्या गिऱ्हाइकाला शिसं अगदी नावापुरतं चालायचं. माझ्या आम्लात मात्र ते ढिगानं खाली बसत होतं. सामंतांना माझ्या हाताचा संशय, मला त्यांच्या मोडीचा. शेवटी मी पदर खोचून मोडीच्या आवारात गेले आणि नाथाभाऊंना गोणी उलटी करायला सांगितली.

नाथाभाऊ महाळुंग्याचे. भट्टीसमोर उभं राहून चेहरा तांब्याच्याच रंगाचा झालेला. ज्वाळेकडे बघून धातू तयार आहे की नाही ते सांगायचे आणि माझा रिपोर्ट आला की तो बरोबर आला असं म्हणायचे, जणू परीक्षा माझी होती. घंटांचे तुकडे बाजूला झाले आणि तळाशी हिरवट, मातकट, बोटाच्या नखाएवढ्या चकत्या दिसल्या.

"गुंड्या हायेत," नाथाभाऊ म्हणाले. "कुनाच्या तरी जुन्या कोटाच्या."

"गुंड्यांना भोकं असतात, नाथाभाऊ."

"मग बिनभोकाच्या गुंड्या."

एक चकती डिस्टिल्ड पाण्यात भिजवून भिंगाखाली धरली. उजवीकडे बघणारं एक डोकं दिसलं. कपाळाला मोत्यांची पट्टी बांधलेली, मान जाड, आणि कडेनं अक्षरं. इंग्रजीसारखी, पण इंग्रजी नव्हे.

रसूलभाईंना विचारलं. ते म्हणाले, "मदुराईकडचा माल आहे, बाई. तिकडे नदीच्या वाळूत असलं निघतं म्हणे. राजाला आपण ओळखत नाही. आपण वजन ओळखतो."

पुण्याच्या ग्रंथालयात एका रविवारी चित्रांचं जाड पुस्तक काढून बसले तेव्हा उलगडा झाला. ती नाणी रोमन होती. तीही त्या साम्राज्याच्या उतरत्या काळातली, सोळाशे वर्षांपूर्वीची. सोन्याचांदीची नव्हेत, भाजी घ्यायची, न्हावी गाठायचा, असली. काळ वाईट, तांबं कमी आणि नाणी तर भरपूर हवीत. म्हणून टांकसाळीत त्यांनी ब्राँझमध्ये शिसं ओतलं होतं. म्हणजे माझ्या तीन हीट नापास करणारा माणूस सोळाशे वर्षांपूर्वी भट्टीपाशी उभा होता आणि त्याच्याही डोक्यावर कुणीतरी फोरमन होता. मला त्याचा राग येईना. आमच्याच धंद्यातला माणूस.

तिथून मला नाणी जमवायचा नाद लागला. लोकांना वाटतं, नाणी जमवणं म्हणजे श्रीमंतांचं काम. मला त्यासाठी लागलं ते सगळं लॅबमध्ये होतं: भिंग, रसायनाचा तराजू, डिस्टिल्ड पाणी आणि सामंतांची परवानगी. एकेका नाण्याला एक कागदी पाकीट. पाकिटावर वजन, रुंदी, पुढे काय, मागे काय. घासायचं नाही, हा पहिला नियम. तोच नियम पाळणं आपल्या माणसांना सर्वांत अवघड. शेजारच्या प्लेटिंगच्या कारखान्यातले एक सद्गृहस्थ माझ्यावर उपकार म्हणून चार नाणी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी हसतमुखानं परत आले. चारही आरशासारखी. राजाचं नाक, अक्षरं, मोती, सगळं धुऊन गेलेलं. "वहिनी, आता कशी लक्ष्मी दिसते," ते म्हणाले. मी त्यांना चहा पाजला. त्या चार चकत्या अजून आहेत. पाकिटावर 'पुढे: काही नाही. मागे: काही नाही' असं लिहिलं आहे.

हिरवा थर म्हणजे घाण नव्हे, अक्षरं त्या थरातच टिकून असतात. नाणं ओलं करावं, खिडकीशी जावं, उजेड तिरपा पडू द्यावा आणि घाई करू नये. एवढीच विद्या.

आता अडचण अशी की तसल्या आणखी गोण्या आवारात पडून होत्या आणि मोड भट्टीसाठीच विकत घेतलेली असते. शेठ माणूस चांगला, पण कारखानदार. मी म्हटलं, गोण्या निवडून घेऊ द्या. ते म्हणाले, "बाई, आज तुम्ही नाण्यांसाठी गोण्या अडवणार, उद्या सामंत घंटांसाठी अडवतील. जाणकाराचं मत आणा. जुनं आहे असं त्यानं सांगितलं तर तुमचं. नाहीतर दसरा झाला की नवं तांबं मिसळून सगळं भट्टीत."

जाणकार एकच माहीत होते, सदाशिव पेठेतले एक निवृत्त प्राध्यापक. त्यांचं कार्ड आलं: नाण्यावर टांकसाळीची खूण वाचता येत असेल तरच या, झिजलेल्या चकत्या पाहून मी मत देत नाही, दसऱ्याला मी गावी जातो, नवमीला दुपारी या.

टांकसाळीची खूण म्हणजे मागच्या बाजूला, चित्राच्या खाली असलेली दोन-चार अक्षरं. नाणं कोणत्या शहरात पाडलं ते त्यावरून कळतं. माझ्याकडे निघालेल्या नाण्यांपैकी ती अक्षरं एकाच नाण्यावर स्वच्छ होती: ए, एन आणि टी. ते नाणं मी कापसात गुंडाळून एका डबीत ठेवलं आणि डबी टेबलावर. आवारातल्या गोण्यांचं काय होणार ते सगळं त्या कापसात होतं.

आता जर्मनचं सांगायला हवं. त्याआधीच्या वर्षी आमचे काही व्हॉल्व्ह पाण्याच्या दाबाखाली पाझरले होते. कारण सापडलं ते ॲल्युमिनियम. मोडीत कुठूनतरी एक पातेलं आलं होतं. गनमेटलमध्ये ॲल्युमिनियमचा अंश गेला तरी ओतीव भाग आतून सच्छिद्र होतो. मी भट्टीवाल्यांना बोलावून समजावलं होतं की चमचासुद्धा आत जाता कामा नये.

"ॲल्युमिनियम म्हंजी जर्मन ना?" नाथाभाऊंनी विचारलं होतं.

"हो, जर्मन." भांड्यांच्या बाजारात ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणतात. जर्मनची पातेली, जर्मनचा डबा. मीही घरी तसंच म्हणते.

"मग भट्टीला जर्मन वर्ज्य," असं म्हणून त्यांनी कानाला हात लावला होता. त्या दिवसापासून ते आपला जेवणाचा डबासुद्धा भट्टीच्या चौथऱ्याच्या पलीकडे ठेवू लागले.

त्या खंडेनवमीला आमच्याकडे तेलावर चालणारी नवी कलती भट्टी सुरू होणार होती. बेत असा: सकाळी पहिली हीट ओतायची, मग हत्यारं धुऊन पूजेला मांडायची. एकदा मांडली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. हीट छान उतरली. ज्वाळेला हिरवी कड आली, साचे भरले, शेठनी नारळ फोडला. रसूलभाईंनी पेढे वाटले. मी हात धुतले, पुण्याची बस गाठायची म्हणून डबी उघडली. कापूस होता. नाणं नव्हतं.

मी आधी टेबलाखाली पाहिलं. मग डबी पुन्हा उघडली, जणू पहिल्यांदा नीट उघडली नव्हती. मग बाहेर येऊन विचारलं, "माझ्या टेबलावरच्या डबीला कुणी हात लावला?"

नाथाभाऊ पुढे आले. नवा सदरा, कपाळाला गुलाल, चेहरा प्रसन्न.

"मी लावला, बाई. भट्टीला वाहिला."

"काय वाहिलं?"

"पैसा. नव्या भट्टीच्या पहिल्या धातूत पैसा वाहायचा असतोय. माझा बा वाहायचा, चुलता वाहायचा. तांब्याचा पैसा लागतो. सकाळधरनं समद्यांचे खिसे बघितले. एक पैसा जर्मनचा, दोन पैसे जर्मनचे, तीन पैसे बी जर्मनचे. सरकारनं समदं जर्मनचं केलंय. चार आने, आठ आने गिलटाचे, ते चालत न्हाईत. म्हनलं, बाईंनी जर्मन वर्ज्य सांगितलंय. जर्मन चालत न्हाई तर रोमनचा वाहू."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. मी महिनाभर त्यांच्यासमोर 'रोमन ब्राँझ, रोमन ब्राँझ' म्हणत होते. ज्याच्या जगात जर्मन हा धातू आहे, त्याच्या जगात रोमन हाही धातूच असणार. तोही चांगल्यातला, कारण बाई त्याला कापसात ठेवतात.

"पण तोच का? बाकीचे होते की."

"भट्टी नवी, बाई. मानाचाच वाहायला पायजे. आन् त्याच्यावर द्येव व्हता."

"देव?"

"मागल्या अंगाला. घोडा व्हता, भालेवाला व्हता. खंडोबाच की."

"नाथाभाऊ, त्या प्रकारच्या नाण्यावर भालेवाला पायी असतो. घोडेस्वार पडत असतो."

नाथाभाऊंनी विचार केला. "पडत व्हता व्हय? मला वाटलं, चढतोय."

सामंत मागे उभे होते. ते म्हणाले, "कुमुदबाई, याला मेमो द्यायचा तर कारण काय लिहू? लॅबच्या सूचनेचं तंतोतंत पालन?"

कुणीतरी हसलं आणि मग माझ्याकडे पाहून थांबलं. माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. नाथाभाऊंनी हलक्या आवाजात विचारलं, "बाई, त्यो कामाचा व्हता का?"

मी सांगितलं. पुण्याला आज जायचं होतं, तेच नाणं दाखवायचं होतं, नाहीतर दसऱ्यानंतर गोण्या भट्टीत. रागावून नाही, रिपोर्ट वाचावा तसं सांगितलं. कपाळावरचा गुलाल पुसत ते ऐकत राहिले. मग वळून साचेवाल्यांना म्हणाले, "हत्यारं पूजेत हायेत. हात तर रिकामे हायेत ना? चला."

पुढचं दृश्य मी विसरणार नाही. मोडीच्या सगळ्या गोण्या साच्यांच्या वाळूवर ओतल्या गेल्या. वाळू चाळायच्या चाळण्या होत्या, पण त्यांनाही हळदकुंकू लागलेलं; म्हणून चाळणी नाही, फावडं नाही, चिमटा नाही. नवे सदरे घातलेली माणसं मांडी घालून बसली आणि बोटांनी निवडायला लागली, घरी बायका तांदूळ निवडतात तशी. रसूलभाई परत चाकणला दुकानाकडे निघाले होते, तेही पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवून बसले. म्हणाले, "माझ्याच गोणीत खडे निघाले म्हणायचे." घंटेचा तुकडा एकीकडे, नळ एकीकडे, गुंडी दिसली की पुढच्याच्या तळहातावर. शेवटी ती माझ्याकडे यायची. मी खिडकीशी, पाण्याची वाटी आणि भिंग घेऊन.

"ही बघा, बाई."

"झिजलेली."

"ही?"

"हिच्यावर क्रूस आहे. खाली काही नाही."

"ही तर कोटाचीच हाय."

ती खरंच कोटाची होती. तिला भोकं होती.

जेवणाची सुट्टी होऊन गेली. पूजा झाली म्हणजे घरी जायचं, तरी कुणी उठलं नाही. शेठ एकदा येऊन बघून गेले. थोड्या वेळानं सगळ्यांना चहा आला. आणि मग नाथाभाऊंच्याच ढिगातून एक नाणं आलं. कडेला तुटलेलं, राजाचं अर्धं डोकं गेलेलं. पण ओलं करून तिरपं धरलं तेव्हा मागच्या बाजूला, चित्राच्या खाली, अक्षरं उभी राहिली. ए. एल. ई.

मी ती मोठ्यानं वाचली. वाळूवरच्या मंडळींना त्यातून काही कळायचं कारण नव्हतं, पण सगळे उठून उभे राहिले.

बस मिळाली. प्राध्यापकांच्या दारात बांधलेली वळकटी होती आणि टांगा यायचा होता. त्यांनी नाणं तळहातावर घेतलं, चष्मा काढला आणि अगदी डोळ्याजवळ नेलं. मग म्हणाले, "अलेक्झांड्रिया. मिसरमधलं. हे जहाजानं आलंय. कुठे मिळालं?"

"चिंचवडला."

"चिंचवडला समुद्र कधी आला?"

मी त्यांना गोण्या, शिसं, भट्टी, सगळं सांगितलं. जर्मनचंही सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या भट्टीवाल्याला सांगा, नाणं देवाला वाहणारा तो पहिला नाही. असंच वाहिलेलं पुष्कळ नंतर आमच्या हाती लागतं. त्यानं फक्त आमच्या हाती लागायची सोय ठेवली नाही." आणि वळकटीवर कार्ड ठेवून दोन ओळी लिहून दिल्या: ही नाणी प्राचीन आहेत, वितळवू नयेत.

शेठनी शब्द पाळला. निघतील तेवढ्या नाण्यांच्या वजनाचं तांबं मी भरून द्यायचं, एवढंच ठरलं. जळक्या विजेच्या मोटारींमधली तांब्याची तार आमच्या ह्यांच्या वर्कशॉपमधून मिळायची, ती मी पिशवीतून न्यायचे. नाणी माझी झाली.

पण मला खरं मिळालं ते वेगळंच. त्या दिवसानंतर आमच्या फाउंड्रीत एक पद्धत पडली. नवी मोड आली की भट्टीत जायच्या आधी ती वाळूवर पसरायची आणि हातानं निवडायची. नोटीस लागली नव्हती, कुणी हुकूम दिला नव्हता. माझ्या टेबलावर एक पत्र्याची वाटी असायची. सकाळी आले की तिच्यात कधी एक, कधी दोन हिरव्या गुंड्या, कधी एखादी खरी गुंडी. नवा माणूस कामाला लागला की नाथाभाऊ त्याला आधी दोन गोष्टी शिकवायचे. "जर्मन दिसला, भाईर काढायचा. रोमन दिसला, बाईंना द्यायचा." सामंत म्हणायचे, तेव्हापासून माझ्या नापास हीट जवळजवळ बंद झाल्या. खरं आहे. नाण्यांसाठी निवडता निवडता मोड स्वच्छ झाली, आणि माझं नाव चांगलं झालं ते त्या माणसांच्या बोटांमुळे. हे कुठेतरी लिहून ठेवायचं होतं, ते आज लिहिते आहे.

पुढे मदुराईचा माल यायचा बंद झाला. सामंत निवृत्त होऊन देवगडला गेले. रसूलभाईंचं दुकान आता त्यांचा मुलगा बघतो. कारखाने वाढले तशी मोडही वाढली, पण ती सगळी कारखान्यांतलीच, तिच्यात राजे नसतात. नाणी माझ्या कपाटात आहेत, पाकिटांसकट. प्राध्यापक होते तोवर मी दर दिवाळीला त्यांच्याकडे जाऊन काही ओळखून आणायचे. बहुतेक सगळी साधी, जगात हजारांनी सापडणारी. त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, मला वाईट वाटेल. मला उलट बरं वाटलं होतं. बाजारात वापरायचीच होती ती.

राहिलं पहिलं नाणं. त्याचंही पाकीट आहे. वजन आहे, रुंदी आहे. पुढे: राजा, मोत्यांची पट्टी. मागे: भालेवाला आणि घोडेस्वार, पडतोय, आणि पुढे कंसात नाथाभाऊंचं म्हणणं: चढतोय. खाली: ए, एन, टी. सध्या कुठे, हा रकाना मात्र मोकळा आहे.

तसं मला माहीत आहे ते कुठे आहे: त्या हीटच्या प्रत्येक बुशमध्ये, थोडं थोडं. आमच्या प्रत्येक बुशवर हीटचा नंबर ठोकलेला असतो. नव्या भट्टीच्या पहिल्या हीटचे बुश बाहेरगावी गेले, एक मात्र जवळच राहिला. देहूच्या अलीकडे इंद्रायणीकाठी पाणी उपसायचं ठिकाण आहे, तिथल्या मोठ्या व्हॉल्व्हमध्ये तो बसवलेला आहे. तिथल्या फिटरला मी सांगून ठेवलं आहे: झिजला की फेकू नका, मोडीत देऊ नका, नवा मी आणून देते, जुना मला द्या.

नाथाभाऊ आता महाळुंग्याला शेती बघतात. देहूला दर्शनाला गेले की वाकडी वाट करून फिटरकडे डोकावतात आणि परतताना मला निरोप द्यायला चिंचवडला येतात. ओट्यावर बसतात, पाणी पितात.

"झिजला का, नाथाभाऊ?"

"कुठला झिजतोय. हालत बी न्हाई, गळत बी न्हाई. फिटर म्हनतो, बाईंना सांगा, येवढा चांगला माल पास करत जाऊ नका."

त्या हीटच्या रिपोर्टवर सही माझीच आहे. बुश आणायला दोघांनी मिळून जायचं ठरलं आहे. नवा बुश गेली कित्येक वर्षं कागदात गुंडाळून माझ्या कपाटात तयार आहे, त्या पाकिटाच्या शेजारी.